खुर्चीचा तास कोणी सुरू केला

“तिथे एक गुरुजी होते. फार प्रेमळ माणूस. चहा इतका सुंदर करायचे!”

व्यासपीठावरून ही वाक्ये उच्चारली गेली तेव्हा ते गुरुजी तिसऱ्या रांगेत बसले होते. ते गुरुजी म्हणजे मी.

सभागृह रामदासपेठेतले. खुर्च्या मऊ, हवा थंड, समोर शहरभरातून आलेले शिक्षक. मुलांना तत्त्वचिंतन कसे शिकवावे, विचार करण्याची सवय त्यांना वर्गात कशी लावावी, यावरचे ते शिबिर. वक्ते प्रभाकरराव. नामांकित शिक्षणतज्ज्ञ, ‘खुर्चीचा तास’ या पुस्तकाचे लेखक आणि पुस्तकावर छापल्याप्रमाणे त्या उपक्रमाचे जनक. चहाचे वाक्य बोलून ते क्षणभर थांबले. सभागृह हसले. लोक कौतुकाने हसले, असे नंतर मला समजावण्यात आले. असेल. ज्या माणसाने आयुष्य शिकवण्यात घालवले त्याचे कौतुक चहासाठी होते, तेव्हा त्या कौतुकाला काय म्हणतात हे मला ठाऊक आहे.

त्या दिवसाच्या अनेक हकिकती आता शिक्षकांच्या तोंडी आहेत. एकीत मी नारळ फेकून मारला. दुसरीत मी शिवी दिली. तिसरी सर्वांत सभ्य आहे: म्हाताऱ्याचा तोल गेला. मी नारळ फेकलेला नाही. शिवी दिलेली नाही. माझा तोल माझ्यापाशी आहे. दुसऱ्याने सांगितलेली माझी हकिकत मी यापुढे चालू देणार नाही, म्हणून लिहितो आहे.

आधी चहाचे.

नंदनवनकडच्या एका वस्तीलगत महापालिकेची शाळा होती. मी तिथे पाचवीला शिकवीत असे. प्रभाकरराव तेव्हा तरुण होते, एका शिक्षण महाविद्यालयात नुकतेच लागलेले. माझ्या वर्गात काही वेगळे चालते असे त्यांच्या कानावर गेले आणि ते पाहायला आले. एक अख्खा हिवाळा ते येत राहिले. मागच्या भिंतीशी बसत, टिपणे काढीत. माझे घर शाळेच्या मागेच. मधल्या सुट्टीत बायको किटलीभर चहा पाठवी. मी कप पुढे करी. प्रभाकरराव हात जोडीत आणि म्हणत, “नुकताच घेऊन निघालो, गुरुजी.”

दर वेळी. तेच शब्द, तेच हसू.

आमच्या लोकांना हा ‘नुकताच’ ओळखता येतो. कोणी हाकलून दिले तर चार माणसांत सांगता येते. ‘नुकताच’ सांगता येत नाही. सांगायला गेलो तर लोक म्हणतील, त्यांनी खरेच घेतला असेल. पण शाळेतून बाहेर पडून ते कोपऱ्यावरच्या टपरीवर उभे राहत आणि तिथला पाणचट चहा पीत. मी पाहिले आहे. ते पाहत नव्हते, पण मी पाहत होतो.

पुढे बायकोने त्यांचा कप पाठवणे बंद केले. म्हणाली, “त्या सायबाचा कप कायले पाठवू? तो तं रोज घरून पोट भरूनच येते.”

तो माणूस आता भर सभेत सांगत होता की माझा चहा सुंदर असे.

आता तासाचे. हा तास आकाशातून पडला नाही आणि परदेशातूनही आला नाही. त्याची जागा मला अचूक माहीत आहे. मी चौथीत होतो. आमच्या घराने धम्मदीक्षा घेतल्याला फार काळ लोटला नव्हता. वडील मला शाळेत सोडताना सांगत, न घाबरता प्रश्न विचार. मास्तर सांगत होते की माणूस कर्माने मोठा होतो. मी उभा राहिलो. विचारले, “मास्तर, जन्मल्या-जन्मल्या कोणतं कर्म असते?”

मास्तर चिडले नाहीत. चिडले असते तर बरे झाले असते. ते हसले, वर्गाकडे वळले आणि म्हणाले, “बसायला मिळालं आहे, तेवढं पुरे नाही का याला?”

वर्ग हसला. मी बसलो. त्यानंतर शाळा संपेपर्यंत मी एकही प्रश्न विचारला नाही. पहिला नंबर मिळवला, शिष्यवृत्ती मिळवली, पण प्रश्न विचारला नाही.

शिक्षक झालो आणि पहिल्या दिवशी वर्गातल्या खुर्चीकडे पाहिले. तिला एकच हात होता, दुसरा निखळून पडलेला. मी त्या खुर्चीवर बसलो नाही. मुलांना सांगितले, शनिवारी दुपारी या खुर्चीवर तो बसेल ज्याच्याजवळ प्रश्न आहे. मी खाली, तुमच्यात, तरटाच्या पट्टीवर बसेन. प्रश्न असा हवा की ज्याचे उत्तर पुस्तकात नाही आणि विचारणाऱ्यालाही ठाऊक नाही. बाकीच्यांनी उत्तर द्यायचे नाही. त्यांनी त्या प्रश्नालाच प्रश्न विचारायचा. ज्याच्या विचारण्याने खुर्चीवरचा मुलगा म्हणेल, ‘थांब, मले विचार करू दे,’ त्याला खुर्ची मिळेल.

एवढाच खेळ. साहित्य शून्य. पण जी मुले घरी, रस्त्यावर, दुकानात, कुठेच वर बसत नव्हती, ती पाय हलवत वर बसत आणि विचारीत. हेडमास्तर म्हणत, तुमचा वर्ग म्हणजे बाजार आहे. मी म्हणे, हो, इथे प्रश्न विकत मिळत नाहीत, म्हणून गर्दी आहे.

एका शनिवारी वंदना खुर्चीवर बसली. बाप हमाल, आई घरकाम करणारी, आणि पोरीचा आवाज असा की शेजारच्या वर्गाने शिकणे थांबवावे. म्हणाली, “नाग नदीले सारे नालाच म्हणतात. साऱ्यांनी नाला म्हटलं तं नदी नाला होते का?”

मागून एक मुलगा ओरडला, “अन् साऱ्यांनी नदी म्हटलं तं तिचा वास जाईन का?”

वर्ग लोळून हसला. खुर्ची आपल्यालाच मिळाली असे समजून तो उठलाही. वंदनेने खुर्चीचा असलेला एकुलता एक हात धरून ठेवला.

“थांब ना गा. वास तं आपण टाकला तिच्यात. मंग नाव कोणाचं बदलाले पाहिजे? तिचं का आपलं?”

कोणी हसले नाही. ज्या वस्तीला शहर भलत्याच नावाने ओळखत होते, त्या वस्तीतली ती मुले. प्रश्न नदीचा राहिला नव्हता, हे त्यांना कळले. मी पट्टीवर बसून होतो. भिंतीशी प्रभाकरराव टिपत होते.

त्यानंतर ते यायचे थांबले. काही वर्षांनी पुस्तक आले.

मी हेवा लपवीत नाही. लपवणे हा माझा स्वभाव नाही. ते पुस्तक मी दुकानात उभा राहून वाचले आणि माझ्या छातीत जे झाले त्याला हेवाच म्हणतात. मला त्या गुळगुळीत पानांचा हेवा वाटला. मुखपृष्ठावर खुर्चीचे चित्र होते, तिला दोन्ही हात होते. मला त्या चित्रातल्या हातांचासुद्धा हेवा वाटला. पुढे त्यांची व्याख्याने होऊ लागली, शाळांनी शनिवारचा तास वेळापत्रकात घातला, मुलाखती छापून आल्या. मला त्यांच्या बोलण्याचा वाटत नाही इतका त्यांच्या थांबण्याचा हेवा वाटतो. ते वाक्याच्या मधोमध थांबतात आणि सभागृह वाट पाहते. मी थांबलो तर लोकांना वाटते, म्हातारा विसरला.

हेवा वाटणे म्हणजे मनाचा क्षुद्रपणा, असे मला एका जुन्या सहकाऱ्याने ऐकवले. मी त्याला म्हटले, ज्याचे काही गेलेले नसते त्याला मन मोठे ठेवणे स्वस्त पडते.

तरीही शिबिराचे निमंत्रण आले तेव्हा मी गेलो. कार्डावर ‘विशेष निमंत्रित’ असे होते. कोटाला इस्त्री केली. मनात आशा होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. वाटले, इतक्या वर्षांनी, इतक्या शिक्षकांसमोर, तो माणूस एक खरे वाक्य बोलेल.

चहाचे वाक्य आले. मी गिळले.

मग प्रात्यक्षिक झाले. एका मोठ्या शाळेतली गणवेशातली मुले मंचावर आणली. मधोमध गादीची खुर्ची. प्रभाकररावांनी विचारले, “मैत्री म्हणजे काय?” मुलांनी उत्तरे दिली. एका मुलाचे उत्तर सर्वांत सुबक होते. प्रभाकररावांनी त्याचा हात धरून त्याला खुर्चीवर बसवले आणि टाळ्या झाल्या.

मी बघतच राहिलो. खुर्ची उत्तर देणाऱ्याला! माझ्या वर्गात उत्तराला खुर्ची कधीच मिळाली नाही. प्रश्न मोठ्या माणसाने विचारायचा, लहानाने बरोबर उत्तर द्यायचे आणि मोठ्याने त्याला वर बसवायचे, हे तर माझे चौथीचे मास्तरही करीत. एक हिवाळाभर भिंतीशी बसून त्या माणसाने सगळे टिपले होते आणि नेमके हेच त्याला दिसले नव्हते. तो लबाडीने चुकला नाही. जन्मापासून जो खुर्चीवरच बसत आला, त्याला वाटते की खुर्ची हे बक्षीस असते आणि ते द्यायचे त्याच्या हातात असते. तो दुसरे काही पाहूच शकत नव्हता. समोरचे शिक्षक माना डोलवीत ही चूक वहीत उतरवून घेत होते. उद्या ती शाळाशाळांतून चालणार होती.

तेही मी गिळले असते कदाचित. वयाने घसा रुंद होतो.

मग प्रभाकरराव खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “माझी नात लहान होती. आम्ही गाडीतून चाललो होतो. पुलावर तिने मला विचारलं, ‘आजोबा, सगळ्यांनी नाला म्हटलं, तर नदी नाला होते का?’” ते थांबले. सभागृहाने वाट पाहिली. “मित्रहो, मूल हाच पहिला तत्त्वज्ञ असतो.”

टाळ्या थांबेनात. माझ्या शेजारच्या बाईंनी डोळे पुसले.

वंदनेचा प्रश्न. तिच्या तोंडातून काढून, धुऊन, गाडीत बसवून आणलेला. आणि तिचे पुढचे वाक्य? नाव कोणाचे बदलायला पाहिजे? ते घेतलेच नव्हते. ते त्या गाडीत मावले नसते.

तेवढ्यात निवेदिकेने पुकारा केला, “आता आपण सत्कार करणार आहोत नंदनवनच्या वस्तीतल्या आपल्या लाडक्या चहावाल्या गुरुजींचा!” पुन्हा हशा. मी उठलो. पायऱ्या चढलो. पुढे जे झाले ते असे, आणि असेच.

शाल मी अंगावर घेतली नाही. घडी तशीच परत दिली. नारळ घेतला आणि टेबलावर ठेवला. ठेवला. निवेदिकेच्या हातचा माईक मागून घेतला आणि विचारले, “प्रभाकरराव, माझ्या घरचा चहा आपण कधी घेतला?”

ते हसले. “अहो गुरुजी, किती वेळा! तुमचं आता वय झालं.”

“एकदाचं सांगा. बशी होती की नुसता कप? दूध गाईचं की शेळीचं?”

सभागृहात खुर्च्या करकरल्या. प्रभाकररावांनी निवेदिकेकडे पाहिले. ती दुसऱ्या माईकवरून म्हणाली, “वेळेअभावी आपण पुढच्या सत्राकडे वळू या.” माझ्या हातातला माईक बंद झाला. माझे ओठ हलत होते. कोणाच्या तरी मोबाईलमध्ये तेवढेच टिपले गेले: हलणारे ओठ, मुका म्हातारा, परत केलेली शाल. खाली कोणीतरी लिहिले, ‘मत्सर’. संध्याकाळपर्यंत ते गावभर झाले.

घरी आलो. बायकोला सगळे सांगितले. मला वाटले, ती चिडेल. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “घ्या. चहा करू करू माह्ये हात भाजले, अन् नाव झालं तुमचं. आता समजलं ना कसं वाटते ते?”

मी कोट उतरवून खुंटीला लावला. आमच्या घरात मी वाद घालून जिंकल्याची नोंद नाही.

दुसऱ्या दिवशी वंदना आली. ती आता परिचारिका आहे, रामदासपेठेतल्याच एका रुग्णालयात. ड्युटी संपवून तशीच आली होती. दारातूनच म्हणाली, “जय भीम, गुरुजी. पाह्यला व्हिडिओ. लय जळून राहिले तुमी!”

“हो. जळतो आहे.”

“जळा ना. जळाले कोण मना करते? पन मले एक सांगा. माह्यी नदी त्यानं आपल्या नातीले देऊन टाकली, हे तुमी ऐकलं?”

“ऐकलं.”

“अन् तुमी वर जाऊन काय विचारलं? चहाचं.” ती खाली बसली, पिशवी बाजूला ठेवली. “एकच प्रश्न विचाराले भेटला तुमाले. माह्या नदीचं काहून नाही विचारलं?”

मी युक्तिवाद तयार केला होता. चहा हे मूळ आहे, चोरी ही फांदी. ज्याच्या हातचे पाणी चालत नाही त्याची बुद्धी मात्र चालते, हे लोकांसमोर यायला हवे होते. हे मी तिला सांगितले. युक्तिवाद चांगला होता, आजही मी तो मागे घेत नाही.

वंदनेने ऐकून घेतले. मग म्हणाली, “बरोबर आहे तुमचं. पन तुमचा अपमान झाला तो तुमाले दिसला. माह्यं काहीच झालं नाही का? मी दिवसभर पेशंटच्या गादीखालची घाण काढतो. डॉक्टर लोक मले ‘ए सिस्टर’ म्हणतात. तवा मी मनात म्हणतो, म्हणू दे, मी पाचवीत असा प्रश्न विचारला होता का अख्खा वर्ग चूप झाला. तेवढंच आहे माह्यापाशी. ते बी त्यानं नेलं, अन् तुमी चहा मांगत बसले.”

आतून बायको म्हणाली, “सांग वं सांग त्यायले.”

मी विचार करू लागलो. खरोखर करू लागलो. इतकी वर्षे मी त्या माणसाशी एकटा भांडत होतो. त्याचे पुस्तक, माझे पुस्तक नाही. त्याचे थांबणे, माझे थांबणे. दोन म्हाताऱ्यांचे वैर, असेच लोकांना दिसत होते, आणि दोन म्हाताऱ्यांच्या वैरावर हसणे सोपे असते. ज्यांनी तो तास दर शनिवारी चालवला, ती मुले माझ्या तक्रारीतही साक्षीदार म्हणूनच उभी होती. मालक म्हणून नव्हती. माझा हेवा खरा होता. पण तो लहान होता.

तिसऱ्या दिवशी प्रभाकररावांचा फोन आला. आवाज मधाळ. “गुरुजी, गैरसमज नको. पुढच्या आवृत्तीत तुमचे आणि तुमच्या मुलांचे आभार मानतो. अगदी पहिल्या पानावर.”

मी म्हटले, “आभार मालक मानतो, साहेब. ज्याचे मानले तो मदतनीस ठरतो. आम्ही तुमचे मदतनीस नव्हतो. तुम्ही आमचे पाहुणे होता.”

“मग तुम्हाला हवं तरी काय?”

“लिहा, हा तास त्या वस्तीतल्या मुलांनी चालवला. लिहा, नदीचा प्रश्न वंदनेचा आहे, आणि तो पुरा लिहा. लिहा, खुर्ची विचारणाऱ्याची असते. शाळाशाळांतून चुकीचे चालले आहे तेही सांगा.”

ते बराच वेळ थांबले. या वेळी मी वाट पाहिली नाही.

“हो की नाही?”

“गुरुजी, एवढं कटू होण्याचं कारण काय? शेवटी विचार कोणाच्या मालकीचा असतो का?”

ज्यांच्या नावावर सगळे असते, त्यांनाच हा विचार सुचतो. मी फोन ठेवला.

पुढचे शिबिर सक्करदऱ्याला आहे. मला निमंत्रण नाही. मी जाणार आहे. वंदनेने ड्युटी बदलून घेतली आहे. त्या वर्गातली जी जी मुले तिला सापडली, त्यांना तिने निरोप धाडले आहेत. एक रिक्षा चालवतो, एक वकिलाकडे कारकून आहे, एकीचे शिवणकामाचे दुकान आहे. सगळे येतीलच असे नाही. जे येतील ते बोलतील, आपापला प्रश्न आपापल्या नावाने. वंदना तिचा प्रश्न शेवटच्या वाक्यासकट विचारील. माईक बंद केला तर त्यांचे नुकसान, तिला माईक लागत नाही.

मी त्या दिवशी बोलणार नाही. माझे बोलून झाले आहे. मी फक्त कोणी वेळेअभावी पुढच्या सत्राकडे वळत नाही, एवढे पाहीन.

मला समजुतीने घ्यायला सांगण्यासाठी कोणी घरी येऊ नये. मन मोठे करा, वय पाहा, जाऊ द्या, असे सांगायलाही येऊ नये. माझा हेवा एकट्याचा होता तोवर तो हसण्यावारी नेता आला. आता तो एकट्याचा राहिलेला नाही. जे आमचे आहे ते आमच्या नावाने बोलले जाईपर्यंत मी शांत होणार नाही. शांत होण्याआधी मेलो, तर तसाच मरेन.